सकाळची भाकरी, रात्रीचे सकस जेवण

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या पठारापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकर या परिसरात पाऊस मुबलक पडतो. तेथील आदिवासी वाड्यांवर भात, नाचणी आणि वरई ही पिके घेतली जातात. पूर्वेकडे यावे तसा पाऊस कमी होत जातो आणि ताटातील भाताची जागा बाजरीची भाकरी घेते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्याने या भागाची शेती पालटली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे ढीग लागू लागले, सातगाव पठारावरचा बटाटा दूरवर प्रसिद्ध झाला आणि ऊस, कांदा, द्राक्षे यांचे क्षेत्र वाढले.

शेती पालटली तरी शेतकरी कुटुंबाच्या दिवसाची घडी बरीचशी पूर्वीचीच राहिली आहे. घरातील स्त्री पहाटे उठून भाकऱ्या थापते, कालवण करते आणि रानात जाते. तोडणीचे किंवा खुरपणीचे काम लांबले, कोणी बाजारगावी जेवून आले, पाहुणा आला नाही, की दुरडीत दोन-चार भाकऱ्या आणि पातेल्यात थोडी आमटी शिल्लक राहते. हे अन्न रात्री कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु घराच्या आरोग्याशी, मुलांच्या शिक्षणाशी आणि गावाच्या स्वच्छतेशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

शिळे कोणाच्या ताटात?

बहुसंख्य घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरून गेलेले असते. रात्री ताजा स्वयंपाक होतो. तो आधी पुरुषांना आणि मुलांना वाढला जातो. सकाळची भाकरी आणि तळाशी राहिलेले कालवण घरातील स्त्री सर्वांच्या मागून खाते. अन्न टाकू नये हा संस्कार थोर आहे, पण त्याचा सारा भार एकाच ताटावर पडतो. त्या ताटात बहुधा भाजी उरलेली नसते, डाळीचे पाणी तेवढे असते आणि दूध-ताक संपलेले असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. शिळी भाकरी हे काही त्याचे एकमेव कारण नव्हे. तथापि ज्या व्यक्तीला रोज सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी विविधतेचे अन्न मिळते, तिच्या शरीरात लोह आणि प्रथिने पुरेशी जाणार नाहीत, हे उघड आहे.

म्हणून उरलेल्या अन्नाचा विचार करताना पहिला नियम असा असावा की, जे उरले आहे त्याचे सर्वांसाठी एकच जेवण व्हावे. सकाळची भाकरी डाळ, भाजी आणि आंबट पदार्थ यांच्या जोडीने नव्या रूपात सर्वांच्या ताटात एकाच वेळी आली, तर अन्न वाचते, सरपण किंवा गॅस वाचतो आणि घरातील स्त्रीला शिळ्याचा वेगळा वाटा उचलावा लागत नाही.

काय ठेवावे आणि काय ठेवू नये

सर्व उरलेले अन्न सारखे नसते. ज्या पदार्थात पाण्याचा अंश कमी, तो अधिक टिकतो. नीट शेकलेली भाकरी किंवा पोळी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली, तर सकाळची रात्रीपर्यंत चांगली राहते. गरम भाकऱ्या एकावर एक रचून डब्यात कोंडल्या, तर वाफेचे पाणी होऊन त्या चिकट होतात आणि त्यांना लवकर बुरशी येते. बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग काढून उरलेली भाकरी खाणे योग्य नव्हे. बुरशीचे तंतू आतपर्यंत पसरलेले असतात.

भाताच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. तांदळात काही सूक्ष्मजंतूंची बीजे असतात आणि ती शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला, की ही बीजे रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. भाताला वास आला नाही म्हणजे तो चांगला आहे, असेही खात्रीने म्हणता येत नाही. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये, ते ५ अंश सेल्सियसच्या खाली थंड किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरी शीतकपाट आहे, तेथे उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा आणि झाकून शीतकपाटात ठेवावा. ज्या घरी ते नाही, तेथे भात मोजून शिजवणे हाच उत्तम उपाय होय. पश्चिम पट्ट्यातील भात खाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

वरण, आमटी आणि उसळ यांत पाणी व प्रथिने दोन्ही असल्याने तीही लवकर नासतात. मोठे पातेले सावकाश निवते आणि त्याच्या मध्यभागी जंतूंना पोषक अशी ऊब बराच वेळ टिकते. म्हणून उरलेले वरण उथळ भांड्यात काढावे, ते भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे आणि निवताच शीतकपाटात ठेवावे. शीतकपाट नसेल तर दुपारच्या जेवणातच ते संपेल अशा बेताने करावे. रात्री वापरताना ते नुसते कोमट करू नये, चांगले रटरटू द्यावे. एकदा पुन्हा गरम केलेले अन्न दुसऱ्यांदा राखून ठेवू नये. चिंच, आमसूल, ताक किंवा टोमॅटो घातलेले आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवणे अपायकारक आहे, ते कळकतात. स्टीलचे किंवा मातीचे भांडे त्यासाठी योग्य.

ताटातील चार घर

उरलेल्या पदार्थाचे जेवण सकस झाले की नाही, हे पाहण्यासाठी ताटात चार घरे कल्पावीत: धान्य, डाळ किंवा कडधान्य, भाजी आणि आंबट. सकाळच्या उरलेल्यात यांपैकी कोणते घर भरले आहे हे आधी पाहावे. रात्री फक्त रिकामी घरे भरावयाची असतात. बहुधा धान्याचे घर भरलेले असते आणि भाजीचे रिकामे असते.

यामागे शास्त्र आहे. धान्यातील प्रथिनांत लायसीन हे द्रव्य कमी असते, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते. डाळींत मेथिओनीन कमी पडते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ली की शरीराला दोहोंचा अधिक लाभ होतो. बाजरीत लोह चांगले असते, पण वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. लिंबू, टोमॅटो, कोथिंबीर यांतील क जीवनसत्त्व या कामी मदत करते. उलट, जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. नाचणीच्या दर शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; कोणतेही दुसरे प्रचलित धान्य याबाबत तिच्या जवळपास येत नाही. भाजीचे घर मात्र मोठे असावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात सुमारे निम्मे ताट भाज्या व फळांनी भरावे असे सुचविले आहे.

आता या भागातील घरांत सहज होण्यासारखे काही बेत पाहू. प्रमाण पाच माणसांच्या कुटुंबासाठी आहे. शिल्लक कमी असेल, तर उणीव एक-दोन ताज्या भाकऱ्यांनी भरून काढता येईल.

मटकीचा कुस्करा. सकाळच्या पाच-सहा बाजरीच्या भाकऱ्या हाताने बारीक कुस्कराव्यात. आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेली दोन वाट्या मटकी वाफवून घ्यावी. मोड आल्याने कडधान्यातील क जीवनसत्त्व वाढते आणि ते पचनासही हलके होते. थोड्या तेलावर मोहरी, हळद, दोन कांदे आणि तीन टोमॅटो परतावेत, त्यात मटकी व कुस्करा घालून पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून सणसणीत वाफ आणावी. वरून मूठभर शेंगदाण्याचे कूट आणि कोथिंबीर घालावी, लिंबू पिळावे. सोबत काकडीची किंवा मुळ्याची कोशिंबीर आणि ताक असले की चारही घरे भरली.

मेथीच्या चकोल्या. नीट राखलेले दोन वाट्या घट्ट वरण उरले असेल, तर त्यात चार-पाच वाट्या पाणी, चिंच, थोडा गूळ आणि मसाला घालून उकळी आणावी. कणकेत मूठभर बेसन आणि चिरलेली मेथी मिसळून पोळी लाटावी, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि उकळत्या वरणात शिजवावेत. पाहुणा अचानक आला तरी पुरणारा हा पदार्थ आहे. हुलग्याची शेंगोळी ज्या घरांत आवडीने खाल्ली जातात, तेथे हुलग्याचे पीठही कणकेत मिसळता येईल.

उरल्या भाजीचे थालीपीठ. बटाट्याची, कोबीची किंवा भोपळ्याची भाजी उरली असेल, तर ती चांगली गरम करून व निववून ज्वारी, बाजरी आणि बेसन यांच्या मिश्र पिठात मळावी. त्यात कांदा, तीळ आणि पालकाची किंवा शेवग्याची पाने चिरून घालावीत. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. सोबत दही असावे. बाजरीचे पीठ मात्र जुने नसावे. त्यातील स्निग्धांशामुळे ते काही दिवसांतच कडवट होते, म्हणून थोडे थोडे दळून आणणे बरे.

नाचणीच्या भाकरीचा काला. डोंगराकडच्या घरांत नाचणीची भाकरी ताज्या ताकात कुस्करून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन खाता येते. सोबत वालाची किंवा मसुराची उसळ आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारखी ओळखीची रानभाजी असली की हे जेवण कोणत्याही शहरी जेवणाच्या तोडीचे ठरते.

मुलांचा वाटा

रानातून दमून आलेल्या आईने हे सारे एकटीने करावे, अशी अपेक्षा ठेवली तर कोणताही बेत चार दिवसांवर टिकणार नाही. मुले शाळेतून आधी घरी येतात. अर्धा तास त्यांनी हातभार लावला, तर काम हलके होते आणि मुलेही पुष्कळ शिकतात. अभ्यास बुडवून मुलांना चुलीशी बसवावे, असा याचा अर्थ नव्हे. कामाची मर्यादा वयानुसार ठरवून द्यावी, आणि ती मुलगा व मुलगी दोघांना सारखी असावी.

पाच ते सात वर्षांच्या मुलांनी पाने निवडावीत, शेंगा सोलाव्यात, ताटे मांडावीत आणि दुरडीतील भाकऱ्या मोजून सांगाव्यात. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांनी भाकरी कुस्करावी, उकडलेले बटाटे सोलावेत, कोशिंबीर कालवावी, ताक घुसळावे, चकोल्या कापाव्यात. बारा वर्षांपुढील मुलांना मोठ्यांच्या देखत विळी किंवा सुरी वापरणे, पीठ मळणे आणि थालीपीठ भाजणे शिकवावे. उकळते पातेले आणि तापलेले तेल मोठ्यांनीच हाताळावे. काम सुरू करण्यापूर्वी साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. ज्याला जुलाब होत आहेत किंवा ज्याच्या हातावर जखम आहे, त्याने त्या दिवशी अन्नाला हात लावू नये.

मुलांकडे एक निर्णयही सोपवावा: आज ताटातील कोणते घर रिकामे आहे आणि ते कशाने भरावे, हे त्यांनी सांगावे. जे मूल भाजी ताटात बाजूला सारते, तेच मूल स्वतः निवडलेली मेथी चवीने खाते, असा अनुभव अनेक घरांत येतो. मुलाने स्वतः भाकऱ्या मोजल्या, की उद्या किती कराव्यात याचा अंदाजही घराला येतो आणि उरण्याचे प्रमाण आपोआप घटते.

उकिरडा आणि बिबट्या

उरलेले अन्न वापरले नाही तर ते कोठे जाते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांत दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. यात साली-देठेही धरलेली आहेत. या हिशोबाने पाच माणसांच्या घरी दिवसाला पाऊण किलो अन्न टाकले जाते. खेड्यात बरेचसे उरलेले गोठ्यात जात असल्याने तेथील प्रमाण कमी असू शकेल. परंतु गोठ्यालाही मर्यादा आहे. भात किंवा भाकरी एकदम जास्त खाऊ घातली, तर गाईच्या पोटात आम्लता वाढून ती गंभीर आजारी पडते.

जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. येथील उसाच्या शेतांत बिबट्याने आपले घर केले आहे. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र हे त्याचेच निदर्शक होय. बिबट्या घरांजवळ येतो तो बहुधा सहज मिळणाऱ्या भक्ष्यासाठी. शेजारच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, म्हणजे सर्वाधिक असल्याचे आढळले. घरामागे टाकलेले खरकटे कुत्र्यांना बोलावते आणि कुत्री बिबट्याला.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, खरकटे घराजवळ उघड्यावर टाकू नये. जे खाण्यास अयोग्य आहे ते खड्ड्यात मातीने झाकावे किंवा गोबरगॅसच्या टाकीत घालावे. दुसरी अधिक महत्त्वाची. अंधार पडल्यावर खरकटे टाकण्यास मुलांना कधीही बाहेर पाठवू नये. मुलांनी स्वयंपाकात जरूर मदत करावी, पण त्यांचा हातभार घराच्या उंबऱ्याच्या आतच राहावा.

शाळा आणि ग्रामपंचायत

शिक्षकांना या विषयात पुष्कळ करण्यासारखे आहे. शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण या नावाने चालते. तीत शाळेच्या परसबागेलाही स्थान आहे. परसबागेतील मेथी, पालक, शेवगा यांची ओळख करून देताना ताटातील चार घरांची कल्पना फळ्यावर मांडता येईल. भाकरीचा एक कोरडा आणि एक ओला तुकडा दोन पारदर्शक बरण्यांत बंद करून आठवडाभर निरीक्षण करावयास सांगितले, तर बुरशीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. बरण्या मात्र उघडू नयेत. घरी उरलेल्या भाकऱ्यांची आठवड्याची नोंद हा गणिताचाही पाठ होऊ शकतो.

ग्रामपंचायत सदस्यांपुढील काम निराळे आहे. लग्नसराई, यात्रा आणि हरिनाम सप्ताह यांच्या पंगतींनंतर गावकुसाबाहेर पडणारे अन्न हे एका घराच्या हाताबाहेरचे असते. कार्यक्रमापूर्वी जेवणाऱ्यांचा अंदाज घेणे, पंगतीत थोडे थोडे वाढणे, उरलेले चांगले अन्न दोन तासांच्या आत वाटून टाकणे आणि खरकट्यासाठी वस्तीपासून दूर झाकलेला कंपोस्ट खड्डा ठेवणे, एवढे ग्रामसभेने ठरविले तरी मोठा फरक पडेल. अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गट यांच्या बैठकीत उरलेल्या अन्नाचे पदार्थ करून दाखविण्याचा कार्यक्रम अल्प खर्चात होऊ शकतो. त्या बैठकीला पुरुषांनाही आवर्जून बोलवावे.

१९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने दुष्काळी कामांवर मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या पिढीतील वडीलधारी माणसे आजही ताटात शीत राहू देत नाहीत. त्यांचा तो संस्कार जपताना त्यात एकच भर घालावयाची आहे. जे वाचले ते सुरक्षित असेल तरच खावे, आणि खावयाचे तर सर्वांनी एका पंगतीत, सारख्या वाट्याने खावे. सकाळची भाकरी जेव्हा आई, वडील आणि मुले यांच्या ताटांत एकाच वेळी वाढली जाईल, तेव्हा तिला शिळी म्हणण्याचे कारण उरणार नाही.